अवेटनंतर फॉर्म थांबतच नाही – सबमिटच्या वेळची तपासणी, मदत हवी

नवशिकी
मंडळी, दोन दिवस डोकं आपटून झालं, आता शरण आलेय. मोबाइलवरून लिहितेय आणि कळफलक मराठी आहे, त्यामुळे कोडही देवनागरीतच गोड मानून घ्या.

वेबपानावर नोंदणीचा साधा फॉर्म आहे, तपासणी जावास्क्रिप्टमध्ये. नाव, ईमेल, सदस्यनाम आणि खाली दोन बटणं: आधी 'मसुदा ठेवा', मग 'पाठवा'. सदस्यनाम आधी कुणी घेतलंय का ते सर्व्हरला विचारायचं आणि घेतलं असेल तर फॉर्म अडवायचा. एवढंच काम. मी लिहिलंय ते असं ('अवेट' म्हणजे सर्व्हरच्या उत्तरासाठी थांब, 'असिंक' म्हणजे या फंक्शनमध्ये असं थांबणं आहे, आणि कोडमधलं 'नाव' म्हणजे सदस्यनामाचं फील्ड):

फॉर्म.ऑनसबमिट = असिंक (ई) => {
  कॉन्स्ट मोकळं = अवेट नावतपासा(नाव.व्हॅल्यू);
  इफ (!मोकळं) {
    चूकदाखवा("हे नाव आधीच घेतलेलं आहे");
    रिटर्न फॉल्स;
  }
};

फॉर्म अडतच नाही. कधीकधी लाल अक्षरं क्षणभर चमकतात आणि पान पुढे निघून जातं. असिंक आणि अवेट दोन्ही काढून नुसतं 'रिटर्न फॉल्स' ठेवलं तर मात्र बरोबर अडतो! कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका लिहितो तिथे) एकही चूक नाही.

(आणखी एक विचित्र प्रकार: काही लोकांनी "पाठवलेला" अर्ज मसुद्यांत सापडतो. पण ते बहुधा लोकच चुकीचं बटण दाबत असतील.)

रात्रपाळी
रिटर्न फॉल्सच्या जागी ई.प्रिव्हेंटडिफॉल्ट() लिहा, ब्राउझरला नेहमीचं काम करू नको म्हणून सांगायला.

नवशिकी
लिहून पाहिलं, त्याच ओळीवर. काही फरक नाही.

अर्धविराम
त्याच ओळीवर लिहून फरक पडणारच नाही. ते वरातीमागून घोडं आहे.

ब्राउझर सबमिट इव्हेंट पाठवतो म्हणजे तुम्हाला विचारतो, "निघू का?" उत्तर त्याला तिथल्या तिथे हवं असतं. तुमचं फंक्शन पहिल्या अवेटपाशी पोचलं की लगेच परततं, आणि परतताना हातात देतं एक प्रॉमिस, म्हणजे 'उत्तर नंतर देतो' अशी चिठ्ठी. ब्राउझर बघतो: हे 'फॉल्स' आहे का? नाही, ही तर कसलीशी वस्तू आहे. म्हणजे हरकत नाही. निघाला. तुमचं उत्तर सर्व्हरकडून येईपर्यंत इव्हेंट संपलेला असतो. संपलेल्या इव्हेंटवर प्रिव्हेंटडिफॉल्ट म्हटलं तर चूकही येत नाही आणि परिणामही होत नाही, म्हणून कन्सोल कोरा.

असिंक फंक्शनमधून 'रिटर्न फॉल्स' म्हणजे "पुढे कधीतरी फॉल्स होणारं प्रॉमिस". त्याची वाट बघायची सोय सबमिटमध्ये नाही.

म्हणून अडवायचं असेल तर प्रिव्हेंटडिफॉल्ट पहिल्या ओळीला, अवेटच्या आधी. मग निवांत विचारा सर्व्हरला, आणि सगळं ठीक असेल तर फॉर्म स्वतः पाठवा.

कंसातला_माणूस
+१. जाता जाता: 'रिटर्न फॉल्स'ने अडतं ते फक्त ऑनसबमिटमध्ये. अ‍ॅडइव्हेंटलिसनरने (फंक्शन जोडायची दुसरी पद्धत) जोडलेल्या फंक्शनमध्ये अवेट नसतानासुद्धा अडत नाही. (हे मला कळायला किती दिवस लागले ते विचारू नका.)

नवशिकी
अर्धविराम, किती सोपं करून सांगितलंत! आधी अडवलं, मग तपासलं, शेवटी फॉर्म.सबमिट(). अडतोय!!

पण आता दोन नवीन भानगडी.

एक: सर्व्हरला कळतच नाही कोणतं बटण दाबलं. दोन्ही बटणांना नेम="कृती" आहे, व्हॅल्यू वेगवेगळी. आधी 'कृती=पाठवा' यायचं, आता 'कृती' गायबच.

दोन: वरच्या पट्टीत आणखी एक 'पाठवा' आहे. बटण नाही ते, माझ्या आधी काम करणाऱ्याने नुसत्या डिव्हला (साध्या चौकटीला) बटणासारखं रंगवलंय आणि क्लिकवर फॉर्म.सबमिट() टाकलंय. आज सहज त्यावर टिचकी मारली तर आख्खा रिकामा फॉर्म गेला. रिक्वायर्ड (भरलंच पाहिजे) लावलेलं असताना!

अर्धविराम
दोन्हींचं मूळ एकच. फॉर्म.सबमिट() म्हणजे मागच्या दारानं बाहेर पडणं. त्यात ब्राउझरची तपासणी होत नाही, म्हणजे रिक्वायर्ड, पॅटर्न (मजकूर कोणत्या साच्यात हवा), टाइप="ईमेल" कशालाच कुणी विचारत नाही. सबमिट इव्हेंटही उठत नाही, म्हणजे तुमचं फंक्शनही चालत नाही. आणि कुठलं बटण दाबलं याचा त्याला पत्ता नसतो, कारण त्याच्या हिशेबी कुणी बटण दाबलेलंच नाही. हा बग नाही, नियमच तसा आहे.

पुढच्या दारानं जायचं तर फॉर्म.रिक्वेस्टसबमिट(बटण). खरं बटण दाबल्यावर जे होतं ते सगळं होतं: आधी ब्राउझरची तपासणी, मग सबमिट इव्हेंट, मग रवानगी. कंसात जे बटण द्याल त्याची नेम-व्हॅल्यू सोबत जाते. कोणतं बटण दाबलं ते इव्हेंटमध्ये ई.सबमिटर म्हणून मिळतं. रिक्वेस्टसबमिट क्रोममध्ये २०१९ला आलं (आवृत्ती ७६), फायरफॉक्समध्ये २०२०ला (७५), सफारीत मात्र थेट २०२२ला (१६). जुन्या लेखांमध्ये सगळीकडे नुसतं सबमिट() दिसतं ते त्यामुळेच.

वरच्या पट्टीतल्या डिव्हला मात्र स्क्रिप्टच नको. त्याच्या जागी खरं सबमिट बटण ठेवा आणि त्यावर फॉर्म="नोंदणी" असं लिहा, म्हणजे तुमच्या फॉर्मची आयडी. फॉर्मच्या टॅगबाहेर असलं तरी ते त्या फॉर्मचंच बटण होतं. कळफलकावरून पोचता येतं हा वरचा फायदा.

रात्रपाळी
आणि कुठल्याही बटणाचं नेम किंवा आयडी "सबमिट" ठेवू नका.

कंसातला_माणूस
अरे बापरे, ती जखम. फॉर्ममधल्या प्रत्येक फील्डचं नाव फॉर्मवर गुणधर्म म्हणून लटकतं. बटणाचं नाव 'सबमिट' ठेवलं की फॉर्म.सबमिट म्हणजे ते फंक्शन राहत नाही, ते बटण होतं. मग "सबमिट इज नॉट अ फंक्शन". माझी एक संध्याकाळ यात गेली. मी टाइपो शोधत बसलो होतो, आणि टाइपो कुठेच नव्हता. 'अ‍ॅक्शन' हे नाव दिलं तरी तीच गत.

जुनं_खोड
इतकी कसरत कशाला करता तेच कळत नाही. ब्राउझरमधली तपासणी म्हणजे दाराला लावलेला पडदा. डेव्हलपर टूल्स उघडून रिक्वायर्ड काढून टाकलं की संपलं. कर्लनं, म्हणजे ब्राउझरशिवाय, विनंती पाठवली तर तुमचा जावास्क्रिप्ट जागाही होत नाही. सगळं सर्व्हरवर तपासा आणि झोपा. जावास्क्रिप्ट १९९५ला आली तेव्हापासून लोक या पडद्याला कुलूप लावताहेत.

अर्धविराम
खोडसाहेब, सर्व्हरवर तपासायलाच हवं, त्यात वाद नाही. सदस्यनामाचं तर खासच. नवशिकी, तुमच्या तपासणीनं "मोकळं आहे" म्हटल्यापासून फॉर्म पोचेपर्यंत तेच नाव दुसरा कुणी घेऊ शकतो. त्यामुळे डेटाबेसच्या स्तंभावर युनिक बंधन (एकच नाव दोनदा नको) हवंच, आणि ते तुटलं तर सर्व्हरनं पाचशेची ('सर्व्हर बिघडला') चूक न फेकता फॉर्म भरलेल्या माहितीसकट परत द्यायला हवा, ४२२सह, म्हणजे 'माहितीत चूक आहे' या कोडसह.

पण ज्या माणसानं ईमेलमध्ये ॲटचं चिन्ह विसरलंय तो चोर नाही. त्याला पान जाऊन परत येण्याआधी सांगितलं तर बिघडलं कुठे? पडदा उन्हासाठी असतो, चोरासाठी नसतो.

जुनं_खोड
हे मान्य. पण नवीन मुलं पडदा लावतात आणि कुलूप विसरतात, मला रोज दिसतं. ताई, युनिक लावलंय का?

नवशिकी
…आत्ता लावलं, काका.

धोपटमार्गी
धाग्यात घुसतोय, माफ करा. माझं उलट आहे. बटण दाबलं की काहीच होत नाही. चूक नाही, ब्राउझरचा सूचनेचा फुगा नाही, फॉर्म ढिम्म. तीन पायऱ्यांचा फॉर्म आहे, एका वेळी एक पायरी दिसते.

रात्रपाळी
कन्सोल बघा. "इज नॉट फोकसेबल" असं काही आहे?

धोपटमार्गी
आहे! पण त्याचा याच्याशी काय संबंध?

रात्रपाळी
दुसऱ्या पायरीतलं एखादं रिक्वायर्ड फील्ड रिकामं आहे आणि ते डिस्प्ले-नननं लपलंय. लपलं म्हणून तपासणीतून सुटत नाही. ब्राउझर त्यावर बोट ठेवायला जातो, बोट ठेवायला जागा नाही, म्हणून गप्प बसतो. लपलेल्या पायरीच्या फील्डसेटला (फील्डांच्या गटाला) डिसेबल्ड, म्हणजे बंद, करा, ते तपासणीतून वगळतात. पण डिसेबल्ड फील्ड पाठवलंही जात नाही, म्हणून शेवटच्या पायरीवर सगळे परत चालू करा. किंवा 'पुढे' दाबल्यावरच त्या पायरीतल्या फील्डांवर रिपोर्टव्हॅलिडिटी(), म्हणजे ब्राउझरचीच तपासणी, चालवा म्हणजे रिकामं काही मागे राहणारच नाही. मी दुसरं करतो.

नवशिकी
परत मीच. रिक्वेस्टसबमिट लावलं. नेटवर्कच्या टॅबमध्ये 'नाव-तपासा'च्या विनंत्यांची न संपणारी माळ लागली. घाबरून टॅबच बंद केला. नंतर कळलं: रिक्वेस्टसबमिटनं पुन्हा सबमिट इव्हेंट उठतो, माझं फंक्शन पुन्हा अडवतं, पुन्हा तपासतं, पुन्हा रिक्वेस्टसबमिट…

म्हणून डोकं लढवलं. तपासलेल्या नावांचं उत्तर एका मॅपमध्ये (नाव-उत्तरांच्या यादीत) साठवलं. नाव मॅपमध्ये असेल तर सर्व्हरला विचारायचंच नाही. आणि रिक्वेस्टसबमिटच्या आधी 'झालंतपासून' नावाचा झेंडा (हो-नाहीची खूण) वर करायचा, झेंडा वर असेल तर न अडवता जाऊ द्यायचं. माळ थांबली. पण आता काय होतं सांगू? पहिल्यांदा दाबलं की सगळं बरोबर. पण मसुदा ठेवल्यावर (तो मी पान न बदलता फेचनं पाठवते आणि झेंडा खाली करते) 'पाठवा' दाबलं, नाव तेच असलं, की काहीच घडत नाही. ओळीवर थांबून पाहिलं: रिक्वेस्टसबमिटची ओळ चालते. नक्की चालते. तरी फॉर्म हलत नाही!

कंसातला_माणूस
सेटटाइमआउटमध्ये शून्य मिलिसेकंदांनी बोलवून बघा ती ओळ.

नवशिकी
चाललं!!! पण का??

कंसातला_माणूस
(मला वाटलं होतं तुम्ही का विचारणार नाही.)

अर्धविराम
हा मासा छान गळाला लागलाय.

फॉर्म सबमिट इव्हेंट उठवत असतो तेव्हा ब्राउझर स्वतःकडे एक खूण करून ठेवतो: "या फॉर्मची विचारपूस चालू आहे". ती चालू असताना त्याच फॉर्मवर कुणी रिक्वेस्टसबमिट म्हटलं तर तो मुकाट्यानं दुर्लक्ष करतो. नाहीतर हँडलरच्या (सबमिटवर चालणाऱ्या फंक्शनच्या) आतून हँडलर असा न संपणारा प्रकार होईल.

पहिल्यांदा तुम्ही खरोखर सर्व्हरकडे जाता. उत्तर येईपर्यंत इव्हेंट केव्हाच संपलेला असतो, खूण उतरलेली असते, म्हणून रिक्वेस्टसबमिट मान्य होतं. दुसऱ्यांदा उत्तर मॅपमधून येतं, म्हणजे लगेच. तुम्ही म्हणाल, पण अवेट तर आहेच की. आहे, पण तयार उत्तरावरच्या अवेटनंतरचा भाग मायक्रोटास्क म्हणून चालतो, आणि तो तुमचं फंक्शन परतल्या परतल्या लागलीच चालतो. तोवर इव्हेंटची फेरी पूर्ण झालेली नसते. खूण वरच. सेटटाइमआउटनं ते काम पुढच्या फेरीत ढकललं म्हणून चाललं.

तुमचा कोड नेट हळू असताना चालतो आणि झटपट असताना बिघडतो. असे बग सहसा उलटे असतात.

पण सेटटाइमआउट ठेवू नका. एवढे झेंडे लागताहेत म्हणजे तपासणी चुकीच्या वेळी होतेय. सबमिटच्या क्षणी विचारायला जाऊच नका. सदस्यनाम टाइप होतानाच विचारा आणि उत्तर फील्डवरच टांगून ठेवा. त्यासाठी सेटकस्टमव्हॅलिडिटी आहे:

– इनपुट इव्हेंट आला की लगेच: नाव.सेटकस्टमव्हॅलिडिटी("नाव तपासतोय, क्षणभर थांबा")
– बोटं थांबली की सर्व्हरला विचारा
– उत्तर आलं की आधी बघा, फील्डमध्ये अजून तेच नाव आहे का. नसेल तर उत्तर फेकून द्या, नाहीतर जुन्या नावाचं उत्तर नव्या नावाला चिकटेल
– मोकळं असेल तर सेटकस्टमव्हॅलिडिटी(""), नसेल तर चुकीचा मजकूर
– विनंतीच फसली तर? रिकामी स्ट्रिंग. जाऊ द्या, सर्व्हर बघून घेईल

रिकामी स्ट्रिंग देणं विसरलात तर एकदा चुकीचं ठरलेलं फील्ड जन्मभर चुकीचंच राहतं, आणि लोक बरोबर नाव टाकून टाकून थकतात. या एपीआयबद्दल ऐकलेल्या तक्रारींपैकी निम्म्या याच्याच.

आता सबमिट इव्हेंटमध्ये नावासाठी तुमचं काही कामच उरत नाही. फील्डवर मजकूर टांगलेला असेल तर ब्राउझरच अडवतो. अवेट नाही, झेंडा नाही, माळ नाही. 'मसुदा ठेवा'वर फॉर्मनोव्हॅलिडेट (तपासणी नको) लिहा, म्हणजे अर्धवट मसुदाही ठेवता येईल.

कंसातला_माणूस
शिवाय फुग्यातला मजकूर आपल्या भाषेत येतो. ब्राउझरचे स्वतःचे संदेश ब्राउझरच्या भाषेत असतात, पान कुठल्याही भाषेत असो. (फुग्याला स्टाइल मात्र देता येत नाही आणि तो थोड्या वेळानं विरून जातो. फील्डखाली कायमचा मजकूर हवाच, एरिया-डिस्क्राइब्डबायनं जोडलेला, म्हणजे स्क्रीन रीडरही तो वाचेल.)

नवशिकी
ओह. ओह! म्हणजे दोन दिवस मी उत्तर चुकीच्या जागी शोधत होते. रात्री करून बघते.

जुनं_खोड
माणसाच्या खऱ्या नावाच्या फील्डला पॅटर्न काय लावलाय, तेही दाखवा. तिथं हमखास घोळ असतो.

नवशिकी
युनिकोडमधला 'अक्षर' वर्ग, मोकळी जागा आणि आडवी रेघ, एक किंवा जास्त. देवनागरी चालावी म्हणून ए ते झेड न लिहिता मुद्दाम तो वर्ग घेतला.

जुनं_खोड
मग "सीमा" टाकून बघा.

नवशिकी
जातंय की. कोणतीच हरकत घेत नाही… थांबा. "१२३" पण जातंय. "@@@" सुद्धा!

रात्रपाळी
आडवी रेघ चौकटी कंसात शेवटी, तिच्या आधी उलटी तिरकी रेघ न देता लिहिलीये?

नवशिकी
हो. नेहमी चालते तशी.

रात्रपाळी
नेहमी चालायची. पॅटर्न गुणधर्म पूर्वी 'यू' झेंड्यानं (साचा वाचायच्या एका पद्धतीनं) वाचला जायचा, नव्या ब्राउझरांत 'व्ही' झेंड्यानं. 'व्ही'त कंसातली मोकळी आडवी रेघ चूक ठरते. आणि चुकीचा पॅटर्न ब्राउझर सरळ सोडून देतो, नसल्यासारखा. कन्सोलमध्ये इशारा येतो, पण तो कोण वाचतं.

नवशिकी
उलटी तिरकी रेघ दिली. आता "@@@" अडतंय. पण "सीमा"ही अडतेय!! "कमल" मात्र जातंय.

जुनं_खोड
आता आलात मुद्द्यावर. कमलमध्ये काना-मात्रा काही नाही. सीमामधली दीर्घ वेलांटी आणि काना युनिकोडच्या लेखी अक्षरं नाहीत, ती 'चिन्ह' (मार्क) वर्गात येतात. हलंत आणि अनुस्वारही तिथेच. तो वर्गही जोडा. मग "तऱ्हा"सारखा अर्धा र टाकून बघा. काही कळफलक तो र, हलंत आणि मध्ये न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक असा लिहितात, कोड २००डी. तो अक्षरही नाही, चिन्हही नाही. तोही वेगळा द्यावा लागेल. डोळ्यांना दोन्ही 'तऱ्हा' सारखेच दिसतात, एक जातो, एक अडतो, आणि माणूस स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तपासत बसतो.

माझं विचाराल तर नावाला पॅटर्न लावूच नये. रिकामं नाही ना, एवढं बघा. तेही ट्रिम करून, कारण रिक्वायर्डला नुसती एक स्पेससुद्धा पुरते.

नवशिकी
पॅटर्न काढून टाकला. काका, यासाठी वेगळे धन्यवाद.

नवशिकी
चार दिवसांनी अहवाल. सेटकस्टमव्हॅलिडिटी चोख चालतंय. सबमिट हँडलर आता चार ओळींचा आहे, तोही फक्त मसुद्यासाठी. वरच्या पट्टीत खरं बटण बसवलं.

आणि एक गंमत. पहिल्या पोस्टमध्ये म्हटलं होतं ना, पाठवलेले अर्ज मसुद्यांत सापडतात? ते बंद झालं. मी त्याला हातही लावलेला नाही!

अर्धविराम
लोक चुकीचं बटण दाबत नव्हते. ते एंटर दाबत होते. एंटरवर ब्राउझर कोडमधल्या क्रमानं फॉर्मचं पहिलं सबमिट बटण दाबतो, आणि तुमच्याकडे पहिलं होतं 'मसुदा ठेवा'. आता वरच्या पट्टीतलं 'पाठवा' फॉर्म गुणधर्मामुळे याच फॉर्मचं झालंय आणि कोडमध्ये सगळ्यांच्या आधी येतं. त्यामुळे एंटर म्हणजे 'पाठवा'.

रात्रपाळी
ते बटण डिसेबल्ड करायची बुद्धी होऊ देऊ नका. पहिलं बटण डिसेबल्ड असलं की एंटर दाबून काहीच होत नाही, दुसऱ्या बटणाकडे तो वळत नाही.

नवशिकी
दोनदा दाबलं जाऊ नये म्हणून आज सकाळीच ते क्लिकवर डिसेबल्ड केलं होतं, आणि फॉर्म जायचाच बंद झाला होता. काढते.